ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूमच की!

माझी मामेबहीण इंग्लंडमधल्या रेडिंगला राहते. आयटीत आहे. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप आणि शनिवार-रविवार सायकल, असं तिचं टाइमटेबल. तिचे फोटो फॅमिली ग्रुपवर पडले की ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. मावशी तीन बदाम पाठवते, काका 'जेवणाचे काय?' विचारतात आणि बाकीचे सगळे 'नाइस पिक' लिहून मोकळे होतात.

मागच्या हिवाळ्याआधी तिने एक फोटो टाकला होता. हिरव्या टेकड्या. टेकड्या तरी कसल्या, कुणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलंय असे नुसते उंचवटे. आणि त्यांच्या अंगाखांद्यावरून गेलेला पांढराफेक रस्ता. डांबर नाही, सिमेंट नाही, गाड्या नाहीत. खाली लिहिलं होतं, 'ग्रॅव्हल संडे!!'

मी पुण्यातल्या माझ्या वन रूम किचनमध्ये तो फोटो झूम करकरून बघत होते. (खरं तर एक लेख द्यायचा होता त्या दिवशी. असो.) तेवढ्यात राजूरहून आईचा फोन.

"पोरी, हा तं आपल्या चुनाभट्टीकडचा रस्ता दिसून रायला!"

मी पोट धरून हसले. मग फोन ठेवला आणि फोटो पुन्हा पाहिला. आई बरोबर बोलत होती.

राजूर तुम्हाला माहीत असण्याची शक्यता कमीच. यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात. पुण्यात कुणी 'गाव कुठलं?' विचारलं की मी आधी विदर्भ म्हणते, मग यवतमाळ, मग वणी. तोवर समोरच्याचा चेहरा सहानुभूतीने भरून आलेला असतो, त्यामुळे राजूरपर्यंत गाडी क्वचितच पोचते. आमच्या गावाची ओळख दोनच गोष्टींची, कोळसा आणि चुना. जमिनीखाली कोळसा, शेजारीच चुनखडीचा दगड. तो कोळसा जाळून हा दगड भाजायचा की चुना तयार. म्हणून खाणी आल्या, भट्ट्या आल्या आणि कुठून कुठून माणसं आली. आमच्या वर्गात हजेरी घेताना मास्तरांची आडनावं उच्चारताना बोबडी वळायची. भट्टीकडच्या वाटेवर चुन्याची भुकटी बसून बसून ती पांढरी होते. पावसात गुळगुळीत, उन्हाळ्यात डोळ्यांत जाणारी.

आणि रेडिंगची ती वाट? तीही चुन्याचीच. दक्षिण इंग्लंडच्या त्या गुबगुबीत टेकड्या खडूच्या आहेत. शाळेतल्या फळ्यावरचा खडू नव्हे, खरा खडू. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या अतिसूक्ष्म जिवांच्या कवचांचा थर. आमची चुनखडी त्याहून कितीतरी जुनी आणि चांगली टणक. पण रसायनशास्त्राच्या पेपरात लिहायचं झालं तर दोन्हीकडे उत्तर एकच, कॅल्शियम कार्बोनेट. बहिणीला विचारलं तर म्हणाली, "ओला झाला ना की साबण गं! दोनदा पडलेय." चुनाभट्टीच्या रस्त्यावर तीच लहानपणी मामाच्या लुनावरून पडली होती, हे मी तिला आठवण करून दिलं.

तर, ग्रॅव्हल. आपल्यापैकी ज्यांच्या ऑफिसात अजून ही साथ पोचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोड बाइक म्हणजे ती काटकुळी, २५-२८ मिलिमीटर टायरवाली. डांबर सोडलं की ती रडते. माउंटन बाइक म्हणजे जाडजूड, पन्नास मिलिमीटरच्या पुढचे टायर, सस्पेन्शन. डांबरावर ती झोपते. या दोघींच्या मधली ती ग्रॅव्हल बाइक. हँडल रोडचंच, खाली वळलेलं, पण टायर चाळीसच्या आसपास आणि हवा कमी. डांबर, खडी, शेतवाट, सगळीकडे चालते. अमेरिकेत कॅन्सस राज्यात २००६ पासून खडीच्या रस्त्यावर दोनशे मैलांची शर्यत होते, २०२२ मध्ये इटलीत ग्रॅव्हलची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिपही झाली. इंग्लंडमध्ये २०२० साली 'किंग आल्फ्रेड्स वे' नावाचा साडेतीनशे किलोमीटरचा गोल मार्ग आखला गेला. विंचेस्टरहून निघायचं, स्टोनहेंजजवळून जायचं, रेडिंगला वळसा घालून परत विंचेस्टर. बहिणीने तो पाच दिवसांत केला. रोज रात्री गरम पाण्याची आंघोळ आणि पबमध्ये जेवण. यालाही ॲडव्हेंचर म्हणतात.

मी जळले, हे उघड आहे. आणि जळून मी काय केलं? सेकंडहँड ग्रॅव्हल बाइक घेतली. ऐंशी हजार. फ्रीलान्सरचे ऐंशी हजार म्हणजे किती, हे ज्याचं पेमेंट 'नेक्स्ट वीक नक्की' वर अडकलंय त्यालाच कळेल. पुण्यात ती चालवली किती? तीन रविवार. चौथ्या रविवारी झोप लागली. डिसेंबरात मग ठरवलं, घरी न्यायची. रेल्वेने नागपूर, तिथून ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर वणी, आणि वणीहून चालवत राजूर.

बाबा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. चष्मा वर केला.

"केवढ्याची?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं. वीस हजार सांगायचे. पण आमच्या बाबांनी तीन दशकं खाणीत फिटर म्हणून काढली आहेत, नटबोल्ट बघून ते किंमत सांगतात. मी ऐंशी म्हटलं.

"आणि हे मेंढ्याचे शिंगं कायले लावले?"

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला आवडलं. घरातून टेप आणला, माझ्या टायरची रुंदी मोजली. मग गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली त्यांची जुनी ॲटलस ओढत आणली. धुळीने करडी झालेली, चाकात हवा नाही, सीटवर कोंबडीने संसार मांडलेला. तिचा टायर मोजला. बाजूवर अजून वाचता येत होतं, २८ गुणिले दीड इंच. दीड इंच म्हणजे अडतीस-चाळीस मिलिमीटर.

"सारखंच आहे न मंग," बाबा म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

वाचकहो, मी त्या रात्री फोनवर शोधत बसले आणि ते खरं निघालं. आपल्या बापजाद्यांची ती काळी, बावीस इंची, रॉडब्रेकवाली सायकल मुळात इंग्लिश घाटाची. नॉटिंगहॅमच्या रॅलेसारख्या कंपन्यांनी ती जगभर पोचवली. जिथे डांबर नव्हतं तिथे चालावी म्हणून तिचे टायर जाड आणि बैठक आडमाप. म्हणजे ग्रॅव्हल बाइकच की, फक्त कुणी तसं म्हटलं नाही. दूधवाले, पोस्टमन, मास्तर आणि खाण कामगार तिच्यावरून रोज ग्रॅव्हल करत होते. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता! असले योगायोग मी बातमीत लिहिले असते तर सबएडिटरने 'फार होतंय' म्हणून कापले असते.

दुसऱ्या दिवशी एकटीच निघाले. नियम पहिला, मोठ्या रस्त्याने जायचं नाही. तिथे कोळशाचे ट्रक असतात आणि ट्रकमागून जाणारा माणूस घरी परततो तेव्हा त्याला कुत्रंही ओळखत नाही. नियम दुसरा, मुरूम दिसेल तिकडे वळायचं. मुरूम म्हणजे काळा पाषाण उन्हापावसात झिजून, कुजून जे भुसभुशीत लालसर खडे होतात ते. तो पसरला आणि दबला की सायकलला असा काही कुरकुर आवाज येतो, जणू कुणी शेजारी बसून कुरमुरे खातंय. आमच्याकडच्या जमिनीलाही तोच हलका चढउतार आहे. इंग्लंडसारखा हिरवा नाही. डिसेंबरात तो पांढरा असतो. कापूस फुटलेला, वेचणीच्या बाया ओट्यात बोंडं भरताहेत, मध्ये तुरीच्या पिवळ्या ओळी, क्षितिजावर खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर. ते डोंगर माणसांनी केलेत हे माहीत नसेल तर फोटोत सुंदर दिसतात.

बायांनी मला थांबवलं. कुठली, कोणाची, लग्न झालं का, हा इंटरव्ह्यू मी घेते त्यापेक्षा फास्ट झाला. "सायकल कायले चालवतं, गाडी नाही का घरी?" याचं उत्तर मला आलं नाही. 'फिटनेस' म्हणणार होते. समोरची बाई सकाळपासून वाकून वीस किलो कापूस वेचत होती. मी "अशीच" म्हटलं.

अर्ध्या तासात पंक्चर. पुढचं चाक, बाभळीचा काटा. तो काढून पुढे गेले तर मागचं चाक, सराटा. ढकलत घरी. बाबांनी परातीत पाणी घेतलं, ट्यूब बुडवली, बुडबुडे मोजले. "चार भोकं हाय. तू दोन म्हणत होती." तर टिप लिहून घ्या. विदर्भात ग्रॅव्हल करायचं असेल तर ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, नाहीतर बाबा सोबत ठेवा. जून ते सप्टेंबर येऊच नका. आमची काळी माती ओली झाली की चाकाला अशी चिकटते की सायकल पुढे जात नाही, जाड होत जाते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे असतो, तेव्हा येणाऱ्याला मी घरात घेईन, पण सायकलवर बसू देणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे सहा ते दहा. बास.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाहेर आले तर ॲटलस पुसून उभी. दोन्ही चाकांत हवा. कोंबडीचं पुनर्वसन झालेलं. बाबा कानाला मफलर गुंडाळत होते.

"चल. तुले माहा रस्ता दाखवतो."

बाबा २०१६ मध्ये रिटायर झाले. त्याआधीच स्कूटी आली होती, त्यामुळे त्यांना सायकलवर मी पाहिलं ते प्राथमिक शाळेत असताना. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. रातपाळीला ते पांदणीने जायचे. पांदण म्हणजे शेतांच्या मधून गेलेली गाडीवाट, दोन्ही बाजूंना झाडोरा. पक्क्या रस्त्यापेक्षा वीस मिनिटं वाचायची म्हणे. बाबा पुढे, मी मागे. माझ्याकडे अकरा गिअर, त्यांच्याकडे एक. आणि तरी ते पुढेच. वाटेत कुठे दगड वर आलाय, कुठे नाल्याला उतार आहे, हे त्यांच्या ढोपरांना पाठ होतं. मधेच घंटी वाजवत होते, समोर कुणी नसताना.

आणि मग पांदण संपली.

म्हणजे दोन्ही बाजूंची झाडं पुढे जात होती, पण मधली वाट नव्हती. तिच्यावर तूर उभी होती. नांगरलेली, पेरलेली, डोक्याएवढी.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगावी लागेल, कारण मास कॉमच्या दोन वर्षांत मला ती कुणी शिकवली नाही. इंग्लंडमध्ये माझी बहीण दुसऱ्याच्या शेतातून बिनधास्त सायकल नेते त्याचं कारण तिथले शेतकरी फार प्रेमळ आहेत असं नाही. तिथे १९६८ चा कंट्रीसाइड ॲक्ट आहे. घोड्यांसाठीच्या ज्या जुन्या वाटा होत्या, त्यांवरून सायकल नेण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. अट एकच, चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. त्या वाटा नकाशावर हिरव्या तुटक रेषांनी छापलेल्या असतात. आपल्याकडेही काही नाही असं नाही! गाव नकाशा काढून बघा, गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा अजून चालतो. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर तहसीलदार तो मोकळा करायला लावू शकतात. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा टाकायचा. आणि शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून, म्हणजे आमच्या भाषेत धुऱ्यावरून, वाट मागता येते. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने पाणंद रस्त्यांची योजनाही आणली. कागदावर आपण इंग्लंडच्या फार मागे नाही.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मला फक्त राग आला होता. आणि वावराचा मालक धुऱ्यावरच दात घासत उभा होता.

"काका, इकून आता कोणी जातच नाही न," तो बाबांना म्हणाला. शांतपणे, चूळ भरून. पस्तिशीचा असेल. "सारे गाड्यानं जाते तिकून रोडनं. चार-पाच साल झाले. मंग मी म्हटलं, खाली पडून काय राह्यते."

मी पुढे झाले. रस्ता सार्वजनिक आहे वगैरे सुरू केलं. पत्रकार आहे हेही सांगून टाकलं, ज्याची मला आता लाज वाटते. त्याने माझं ऐकून घेतलं, सायकलकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, माहं वावर दोन एकर. हे पट्टी धरून दोन एकर. तुमाले फिराले पाहिजे हे बरोबर आहे."

तुम्ही असता तर काय बोलला असता? माझ्या सायकलच्या किमतीत त्याचा अख्खा हंगाम निघाला असता. आणि मला ती वाट हवी होती रविवारसाठी.

बाबा काही बोलले नाहीत. ते तुरीकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून, आजचं हवामान सांगावं तसं म्हणाले, "तू झाली न, त्या राती मी इकूनच गेलो होतो."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्या घरात माझ्या जन्माची गोष्ट म्हणजे वणीच्या दवाखान्यात लाइट गेली होती आणि आजीने कंदील धरला होता, एवढीच. बाबा त्या गोष्टीत नसतातच. ते खाणीत होते. रातपाळी, ऑगस्ट, दुपारपासून पाऊस. निरोप त्यांना खाली पोचला तेव्हा एक वाजून गेला होता. वर येऊन, दिवा जमा करून ते सायकलवर बसले आणि वीस मिनिटं वाचवायला पांदणीत शिरले. तेव्हा इथे मुरूमही नव्हता, नुसती काळी माती. शंभर पावलांत चाकं जाम. काडीने माती काढायची, पुन्हा दहा पावलं, पुन्हा जाम. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. "बावीस किलो असन. मातीसंग तीस." या इथून, नाल्यातून, पलीकडे. घरी पोचले, आजोबांनी सांगितलं पोरगी झाली, मग तसेच वणीला.

"रोडनं गेलो असतो तं लवकर पोचलो असतो," बाबा म्हणाले आणि हसले.

तो शेतकरीही हसला. हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाला, "मंग जा न काका. कोणी अडवलं?" आणि तुरीच्या दोन तासांच्या मधे बोट दाखवलं.

बाबांनी पँट मोज्यात खोचली, ॲटलस दोन्ही हातांनी धरली आणि तुरीत शिरले. एकही झाड मोडणार नाही अशी, तिरपी तिरपी. मी मागे. माझं मेंढ्याच्या शिंगांचं हँडल इथे पहिल्यांदा कामी आलं, अरुंद असल्याने ते अडकत नव्हतं. शेंगा गालाला लागत होत्या. दव होतं, दोघंही कमरेपर्यंत ओले. दीडशे-दोनशे पावलांनी तूर संपली आणि पांदण पुन्हा सुरू झाली, जणू मधे काही झालंच नव्हतं. बाबांनी सायकलवर टांग टाकली आणि घंटी वाजवली.

मी आणखी सहा दिवस होते. सहाही दिवस आम्ही तिकडूनच गेलो. पाचव्या दिवशी तुरीत थोडी फट दिसायला लागली होती. सहाव्या दिवशी तो वावरात नव्हता, त्याची बायको होती. तिने चहा विचारला. मी पुण्याला परत आले, तहसीलचा अर्ज कसा करायचा ते वाचलं, कलमं लिहून बाबांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, 'वाचले.' पुढे काही नाही. सहा महिन्यांची मुदत कधीच उलटून गेली होती, पण मला वाटतं बाबांनी ती मुदतीत असतानाही काही केलं नसतं. त्या माणसाचे वडील त्यांच्यासोबत रातपाळीला होते, हे आईने मला नंतर सांगितलं. मला अजूनही वाटतं की वाट नकाशावर आहे तर ती जमिनीवरही असायला हवी, सोळा फूट नसेल तर आठ तरी. आणि त्या दोन एकरांचं काय, हेही मला अजून कळलेलं नाही.

जानेवारीत तूर कापली गेली. आता तिथे मोकळी जमीन आहे आणि तिच्यावर सायकलच्या चाकाची एक रेघ आहे, आईने फोटो पाठवला. पुढच्या पेरणीला त्या पट्टीचं काय होतं, ते पेरणी झाली की कळेल. बाबा रोज जातात म्हणे. मामेबहिणीने तो फोटो बघून विचारलं, "कुठला रूट आहे हा?"

परवा बाबांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत, त्यामुळे आधी पोटात गोळाच आला.

"वणीत अठ्ठावीस-दीडचे टायर भेटून नाई रायले. तिकडं पाय बरं पुण्यात. दोन घेजो."

मी तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानात, काचेच्या शोरूममध्ये, एसीत, काउंटरवरच्या मुलाने साइज दोनदा विचारला, कॉम्प्युटरमध्ये टाइप केला आणि अगदी आदराने म्हणाला, "मॅम, मॉडेल कुठलं आहे? इम्पोर्टेड का?"